उभ्या गाड्यांचा कायदा

कोथरूडमधल्या कुठल्याही तीस-पस्तीस वर्षं जुन्या सोसायटीत गाड्यांच्या तीन जाती आढळतात. पहिली रोज बाहेर जाणारी. दुसरी रविवारी धुतली जाणारी. तिसरी नुसती उभी. या तिसऱ्या जातीची खरी माहिती लहान मुलांना असते. लपाछपीत तिच्यामागे निर्धास्त लपता येतं, कारण खेळ रंगात असताना ती अचानक निघून जाण्याची भीती नसते. आमच्याकडे राज्य आलेला मुलगा आकडे मोजून झाले की इकडेतिकडे न बघता सरळ फियाटमागे जातो आणि तिघांना एकदम बाहेर काढतो.

आमच्या सोसायटीत तिसऱ्या जातीची एकूण नऊ वाहनं आहेत. एक फियाट, दोन मारुती ८००, एक ओम्नी, एक बजाज चेतक, एक लुना आणि तीन मोटरसायकली. फियाट म्हणजे कागदोपत्री प्रीमियर पद्मिनी, पण तिला पद्मिनी म्हणणारा माणूस अजून कुणी पाहिलेला नाही. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून निवृत्त झाली, तेव्हा वर्तमानपत्रांत फोटो छापून आले, लोक हळहळले. आमची फियाट त्याच्या कितीतरी आधी निवृत्त झाली होती. फक्त तिने जागा सोडली नाही, म्हणून बातमी झाली नाही.

सायकली मी मोजलेल्या नाहीत. सायकलीला वाहन धरायचं की सामान, हा विषय पुढच्या सभेवर ढकललेला आहे. गच्ची आणि जिनेही सोडून देतो. गच्चीवर कोणाच्या तरी घरातून निघालेलं कमोड, वेताचा तीनपायी सोफा आणि थर्माकोलची चार मखरं आहेत. राज्यात थर्माकोलवर २०१८ साली बंदी आली. तेव्हापासून ती मखरं टाकायची कशी हा प्रश्न आहे, आणि प्रश्न सुटेपर्यंत दर गणपतीत 'असू दे, उपयोगी पडेल' असं म्हणून त्यांच्यावरचं प्लास्टिक बदलण्यात येतं.

तरी या सगळ्यात मान चेतकचा. ती बी-७ च्या आजोबांची. चेतक १९७२ साली बाजारात आली आणि पुढे कित्येक वर्षं ती दुकानात जाऊन विकत घ्यायची वस्तू नव्हती. नंबर लावायचा आणि वाट बघायची. परकीय चलनात पैसे भरले तर लवकर मिळे, पण आजोबांकडे स्वकीय चलनाचीच बोंब होती. त्यांनी नंबर लावला तेव्हा मुलगा बालवाडीत होता आणि स्कूटर दारात आली तेव्हा सातवीत. जी वस्तू मिळवायला एवढी वर्षं लागली ती द्यायलाही तेवढी तरी लागावीत, असं त्यांचं म्हणणं आहे. हिशेबात चूक काढता येत नाही.

चेतक निळ्या ताडपत्रीखाली असते. ताडपत्री तिसरी आहे, स्कूटर तीच. दोन्ही टायर बसून फरशीला चिकटलेत. पायदानाच्या सांध्यात साठलेल्या मातीतून पिंपळाचं रोप आलंय आणि पिंपळ उपटायचा नसतो यावर बी-विंगचं एकमत आहे. सोसायटीच्या इतिहासातलं बी-विंगचं हे एकमेव एकमत. डिकीत १९९८ चा विम्याचा कागद, स्पार्क प्लगचा पाना, प्लग घासायचा पॉलिश पेपर आणि एक गोळी आहे. गोळी कसली ते आजोबांनाही आठवत नाही, पण ती फेकायची नाही हे आठवतं. स्टेपनी मात्र उत्तम स्थितीत आहे. ती वापरायची वेळ येण्याआधीच बाकीची स्कूटर संपली.

वर्षातून एकदा ताडपत्री निघते, दसऱ्याला. आजोबा फडक्याने हेडलाइट पुसतात, हँडलला झेंडूचा हार घालतात, हळदकुंकू वाहतात, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवतात. चाक लिंबावरून जायचं असतं. ते जात नाही, म्हणून लिंबू काढून सरबताला नेतात. शेजारी रोज चाळीस किलोमीटर पळणारी मोटरसायकल उभी असते. तिच्या मालकाला दसऱ्याला सुट्टी नसल्यामुळे तिला हार मिळत नाही. गाडी जिवंत असण्यापेक्षा मालक निवृत्त असणं गाडीच्या जास्त फायद्याचं आहे.

या नऊ वाहनांचा प्रश्न वार्षिक सभेत 'आवारातील नादुरुस्त वाहने हटविणे' या नावाने येतो. विषयपत्रिकेवर तो नेहमी शेवटून दुसरा असतो. शेवटचा विषय 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' असतो आणि त्यानंतर बटाटेवडे असतात. त्यामुळे चर्चा होते ती वड्यांच्या वासात.

गेल्या खेपेला सेक्रेटरींनी विषय मांडला आणि ए-३ उठून उभे राहिले.

"नादुरुस्त कुणाला म्हणता?"

"तुमची फियाट."

"ती नादुरुस्त नाही. ती दुरुस्त व्हायची आहे."

खजिनदार बँकेतून निवृत्त झालेले, त्यांना निकष लागतो. त्यांनी सुचवलं, चालू होईल ती गाडी, होणार नाही ते भंगार. रविवारी सकाळी दहाला सर्वांसमक्ष चाचणी घ्यायची. ठराव मंजूर झाला. विरोध कुणीच केला नाही, कारण वडे गार होत होते.

रविवारी पार्किंगमध्ये जत्रा भरली. प्रत्येकाने आपापला मेकॅनिक आणला होता. आजोबांनी चेतक चालवण्याच्या जमान्यातला शर्ट घातला, पेट्रोलचा कॉक फिरवला, स्कूटर उजवीकडे आडवी केली, पुन्हा सरळ केली आणि किक मारली. किक खाली गेली ती वर आलीच नाही. आजोबा म्हणाले, "पहिल्या किकला कधीच घेत नव्हती." दुसरी किक मारायला किक उरली नव्हती, त्यामुळे निकाल राखून ठेवावा लागला.

फियाटसाठी ए-३ नी दुसऱ्या गाडीची बॅटरी आणि दोन वायरी मागवल्या होत्या. मेकॅनिक बॉनेटमध्ये कमरेपर्यंत गेला. बराच वेळ त्याचे नुसते पाय दिसत होते. मग एक घरघर झाली, मागून काळा लोट निघाला, सी-विंगच्या गॅलरीत वाळत घातलेल्या साड्या पटापट आत गेल्या आणि फियाट बंद पडली.

"झाली चालू!" ए-३ म्हणाले.

"बंद पडली," खजिनदार म्हणाले.

"बंद पडायला आधी चालू असावी लागते."

ही नोंद इतिवृत्तात आहे.

मग वॉर्ड ऑफिसला विचारून यावं असं ठरलं. कायदा नाही असं कुणी म्हणू नये. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२७ मध्ये सार्वजनिक जागी दहा तास किंवा अधिक काळ बेवारस सोडलेलं वाहन उचलून नेण्याची सोय आहे. दहा तास! आमच्या चेतकला ताडपत्री घालायलाच एक सकाळ जाते. खेरीज रस्त्यावर अडथळा करणारी वस्तू हटवण्याचे अधिकार महापालिकेलाही आहेत. रस्त्याकडेच्या धूळ खाणाऱ्या गाड्यांवर नोटीस चिकटते, मुदत संपते, क्रेन येते. पण हे सगळं फाटकाबाहेर.

सेक्रेटरी परत आले आणि त्यांनी टेबलापलीकडच्या माणसाशी झालेलं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

"गाडी रस्त्यावर आहे का?"

"नाही, आमच्या आवारात."

"मग ती तुमची."

"आमची नाही, बी-७ ची."

"मग त्यांनी काढावी."

"ते म्हणतात, जागा सोसायटीची."

"मग तुम्ही काढा."

"गाडीला हात लावला तर ते पोलिसात जातील."

"मग असं करा. गाडी रस्त्यावर आणा. दहा तासांनी आम्हाला कळवा."

त्या माणसाचं काही चुकलं नव्हतं. सरकारचं सार्वजनिक जागेवर लक्ष असतं आणि खासगी जागेचा मान असतो. या दोहोंच्या मधोमध आमचं पार्किंग आहे. सी-१२ च्या वहिनी वकील आहेत. त्यांनी सभेला सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल समजावून सांगितला. नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी. इमारतीखालचं खांबांमधलं पार्किंग बिल्डरला फ्लॅटसारखं वेगळं विकता येत नाही, ती सामाईक जागा, सोसायटीची. टाळ्या पडल्या. म्हणजे चेतकखालची जागा सगळ्यांची. आता जी जागा सगळ्यांची, तिथली गाडी हलवायला पुढे कोण होणार, असं वहिनींनीच विचारलं आणि सगळे आपापल्या चपला शोधू लागले.

तरी समजा, मालकाच्याच मनात आलं की गाडी मोडीत काढावी. तीही सोय आहे. त्याच कायद्याचं कलम ५५ सांगतं, वाहन कायमचं निकामी झालं की मालकाने चौदा दिवसांत, किंवा शक्य तितक्या लवकर, नोंदणी अधिकाऱ्याला कळवावं. चौदा दिवस ज्याने सुचवले त्याच्या घरी चेतक नसावी. इथे वाहन निकामी झालं हे कबूल करायलाच चौदा वर्षं लागतात. कबूल केलं की कागद लागतात. चेतकच्या नोंदणीचं पुस्तक ज्या कपाटात आहे ते कपाट गच्चीवर. पुस्तकावर अजून कर्जाचा बोजा, आणि कर्ज देणारी सहकारी बँक दुसऱ्या बँकेत विलीन झालेली, ती तिसरीत. फियाटचं त्याहून अवघड. मालक वारलेले. नाव लावायला फॉर्म ३१, त्यावर वारसांच्या संमती. एक वारस ए-३ स्वतः, एक बहीण सोलापुरात, एक भाऊ न्यू जर्सीत. बहिणीच्या लग्नात वरात त्याच गाडीतून निघाली होती, म्हणून ती सही करत नाही. भावाला ती वरात ढकलत न्यावी लागली होती, पण सही तोही करत नाही.

२०२१ साली केंद्राने वाहनं मोडीत काढण्याचं धोरणच आणलं. नोंदणीकृत केंद्रात गाडी द्या, प्रमाणपत्र घ्या, ते दाखवून नव्या गाडीवर सवलत घ्या. खासगी गाडीच्या रस्ता करात २५ टक्क्यांपर्यंत सूट देता येईल अशी तरतूद आहे. पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी गाड्या तर १ एप्रिल २०२३ पासून भंगारातच काढायच्या, असा नियम झाला. सेक्रेटरींनी हे सगळं फलकावर लावलं. लोकांनी वाचलं. ओम्नीच्या मालकाने विचारलं, "प्रमाणपत्र घरपोच देतात का? म्हणजे गाडी न देता?"

सरकारला फार नावं ठेवण्यात अर्थ नाही, त्याच्याही आवारात हीच स्थिती. कुठल्याही पोलीस ठाण्यामागे जाऊन बघा. अपघातातल्या, चोरीच्या, गुन्ह्यात वापरलेल्या गाड्या एकमेकींवर रेलून उभ्या असतात. हा मुद्देमाल. त्यातून वेली वर चढलेल्या असतात आणि सीटच्या स्प्रिंगांत साळुंक्यांचे संसार थाटलेले असतात. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली, सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात, जप्त गाड्या ठाण्यात अशा कुजवत ठेवण्यात अर्थ नाही, हमी घेऊन लवकर मोकळ्या करा, असं बजावलं. निकालाला दोन दशकं उलटली. वेली आता दुसऱ्या मजल्यावर पोचल्यात. रस्त्यावरची बेवारस गाडी जिथे उचलून नेतात तिथेही ती उभीच राहते. फरक एवढाच की आधी ती आपल्या डोळ्यांसमोर होती.

डोळ्यांसमोर असणं हाच गुन्हा, असं मानणारे कायदे अमेरिकेत आहेत. ए-३ च्या न्यू जर्सीतल्या भावाने आपली जुनी गाडी घराच्या पुढच्या वाटेवर उभी ठेवली. नंबरप्लेटची मुदत संपलेली. घर त्याचं, वाट त्याची, गाडी त्याची. तरी गावच्या कारभाराची चिठ्ठी आली, अमुक दिवसांत हटवा. तिकडच्या असंख्य गावांचे असे नियम आहेत. न चालणारी, नोंदणी संपलेली गाडी खासगी जागेत असली तरी रस्त्यावरून दिसता कामा नये. गॅरेजमध्ये घाला, नाहीतर आम्ही नेऊ आणि खर्च तुमच्याकडून घेऊ. १९६५ साली राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी महामार्ग सुशोभीकरणाचा कायदा केला, त्यामागे त्यांच्या पत्नी लेडी बर्ड यांचा आग्रह. मोठ्या महामार्गांपासून हजार फुटांच्या आतली भंगाराची आगारं झाडांनी किंवा कुंपणाने झाका, असं त्यात आहे. म्हणजे एवढ्या मोठ्या देशाने शेवटी शोधलं काय? ताडपत्री. ती आमच्याकडे तिसरी चालू आहे. भावाने ती चिठ्ठी घरच्या ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, 'इथे आपल्याच घरात आपली गाडी ठेवता येत नाही, तिकडे बाबांची फियाट तरी नीट ठेवा.' झालं, संमतीचा विषय आणखी लांबला.

आमच्या खासगी आवारात खऱ्या अर्थाने कायदा पोचवला तो एकाच प्राण्याने. डासाने. एडिस नावाच्या या बाईला, कारण चावते ती मादीच, गटार चालत नाही. तिला साठलेलं स्वच्छ पाणी लागतं. कुंडीखालची बशी, फ्रिजमागचा ट्रे, टायरच्या पोटातला खड्डा, ताडपत्रीची घडी. अंड्यापासून उडता डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात आणि पाणी आटलं तरी अंडी कित्येक महिने कोरडी तग धरतात. आपल्या सभांच्या तारखा आणि तिचा चिवटपणा यांचं छान जमतं. पावसाळ्यात आरोग्य विभागाचा माणूस बॅटरी घेऊन आला. त्याने निकष विचारले नाहीत, वारस विचारले नाहीत, पार्किंग सामाईक की खासगी हेही विचारलं नाही. चेतकच्या ताडपत्रीवरच्या खळग्यात बॅटरी मारली, वाकला आणि म्हणाला, "अळ्या." नोटीस सोसायटीच्या नावाने निघाली. संध्याकाळपर्यंत नऊच्या नऊ वाहनं पुसून कोरडी झाली, टायरांना भोकं पडली. एकही वाहन मात्र हललं नाही. नोटिशीत पाणी काढा असं होतं, गाडी काढा असं नव्हतं.

एवढं सगळं का, असा प्रश्न मला बरेच दिवस पडत होता. मी तो भावनेच्या खात्यात टाकला होता. वरात, नंबर लावून मिळालेली स्कूटर, वडिलांची आठवण, पिंपळ. मग एकदा हातगाडीवर कर्णा लावून फिरणारा भंगारवाला आत आला. चेतकभोवती एक चक्कर मारली, पत्र्यावर टिचकी वाजवली, इंजिनाकडे बघून "ॲल्युमिनियम" असं स्वतःशीच पुटपुटला आणि म्हणाला, "अडीच हजार." आजोबा हसले.

"आणि खालच्या जागेचे?"

त्या एका वाक्यात मला सगळी सोसायटी कळली. चेतक अडीच हजारांची. पण सहा फूट बाय अडीच फूट, म्हणजे पंधरा चौरस फूट, ती धरून उभी आहे. कोथरूडात फुटाला नुसते दहा हजार धरले तरी दीड लाख होतात. फियाट बासष्ट चौरस फूट व्यापते. सहा लाख वीस हजार! भंगार किलोवर विकलं जातं आणि जागा फुटावर. किलोचा हिशेब करणारी खाती, धोरणं, सवलती आम्हाला गाडी सोडा म्हणतात. आम्ही फुटाचा हिशेब करतो आणि गाडी सोडत नाही. गाडी ही जागेवर ठेवलेला रुमाल आहे. एसटीच्या खिडकीतून टाकतात तो. रुमाल जुना झाला, फाटला, त्यावर पिंपळ उगवला म्हणून कुणी उचलून घेतो का?

त्यातच २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी सांगितलं की पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय यापुढे नव्या गाडीची नोंदणी होणार नाही. हेतू अतिशय चांगला. आमच्याकडे त्याचा परिणाम असा झाला की लुनाच्या मालकाने दुसऱ्या दिवशी लुना आडवी लावली. जागा जास्त व्यापते.

वकीलवहिनींनी मग जे केलं ते ना केंद्राला सुचलं ना महापालिकेला. त्यांनी गाड्या हटवायचा विषयच मागे घेतला. त्याऐवजी ठराव मांडला की पार्किंगमधल्या प्रत्येक वाहनाच्या मालकाने चालू पीयूसी दाखवावं. बस्स. भंगार हा शब्द नाही, भावना दुखावल्या नाहीत, सगळ्यांनी हात वर केले. वडे संपल्यावर लोकांच्या लक्षात आलं की प्रदूषणाचं प्रमाणपत्र मिळवायचं तर गाडी पीयूसी केंद्रापर्यंत न्यावी लागते, इंजिन चालू करावं लागतं, आणि जुन्या गाड्यांना ते दर सहा महिन्यांनी करावं लागतं.

तीन मोटरसायकली आणि लुना महिन्याभरात गेल्या. मारुतींपैकी एक खरोखरच चालू झाली, त्यामुळे तिच्या मालकालाच धक्का बसला. दुसरीचे आणि ओम्नीचे मालक मुदतवाढ मागताहेत. ए-३ नी जिद्दीने फियाटला दोर बांधला आणि एका शनिवारी ती टेम्पोमागून फाटकाबाहेर निघाली. ज्येष्ठ मंडळी उभी राहिली. कुणीतरी नमस्कारही केला. टेम्पो कोपऱ्यावरून वळला तेव्हा डी-४ ची नवी एसयूव्ही, जी दोन वर्षं बाहेर रस्त्यावर पक्ष्यांच्या कृपेखाली उभी असायची, ती आत आली आणि बासष्ट चौरस फुटांत, आरसे मिटून, श्वास रोखून बसली.

फियाट पीयूसीशिवाय परतली तेव्हा फाटकाबाहेर उभी राहण्यावाचून तिला गत्यंतर नव्हतं. म्हणजे सार्वजनिक जागा. म्हणजे दहा तास. ए-३ डी-४ कडे गेले, सेक्रेटरींकडे गेले, वहिनींकडे गेले. वहिनींनी २०१० चा निकाल पुन्हा वाचून दाखवला, जागा सामाईक आहे. मग कमाल झाली. जी संमती इतकी वर्षं वरातीत अडकली होती ती आठवड्यात आली. सोलापूरहून सही आली, न्यू जर्सीहून कागद आले, फॉर्म भरले गेले. जागा गेल्यावर आठवणी आवरायला फार वेळ लागला नाही. फियाट मोडीत निघाली आणि ए-३ प्रमाणपत्र घेऊन नव्या गाडीची चौकशी करायला गेले. दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला, "पार्किंग आहे का?"

चेतकचं वेगळंच झालं. आजोबांच्या नातवाने नवी चेतक घेतली, विजेवरची. ही २०२० सालापासून मिळते, नाव तेच, आवाज नाही. चार्जिंगचा प्लग नेमका जुन्या चेतकच्या मागच्या भिंतीवर. आजोबा म्हणाले, जागा घरातच राहतेय तर हरकत नाही. सहा जणांनी जुनी चेतक उचलली आणि गच्चीवर नेली, पिंपळासकट. तिथे ती मखरांशेजारी उभी आहे. आजोबा म्हणतात तिला वरची हवा मानवते, पिंपळाने तर दोन नवी पानं काढलीत. गच्ची कुणाची हा विषय आता विषयपत्रिकेवर शेवटून दुसरा आहे.

आणि डी-४ रोज वनाजपासून मेट्रोने ऑफिसला जातात. एसयूव्हीवर चंदेरी कव्हर आहे, कव्हरवर धूळ आहे. परवा वॉचमनने सांगितलं की मागच्या चाकात हवा कमी वाटते. मी म्हटलं, "अहो, एवढी लाखांची गाडी, जरा फिरवून तरी आणा. नाहीतर बॅटरी उतरेल."

त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "ए-३ टपलेले असतात हो. मी फाटकाबाहेर गेलो की संपलं. बॅटरी काय, दुसरी घेता येते."